तांबं चढलेली होडी

आमची होडी बोलायची. लाडाने म्हणत नाही, खरंच बोलायची. लाकडी होडी पाण्यावर जराशी हलली की फळ्या एकमेकींना ढकलतात, खिळे त्यांना सोडत नाहीत, आणि त्या ओढाताणीतून एक कुरकुर निघते. आमचं घर तारापूरजवळच्या एका खाडीच्या काठावर होतं आणि होडी अंगणापासून हाकेच्या अंतरावर बांधलेली असायची. सकाळी चहा पिता पिता बाबा कान टवकारायचे आणि म्हणायचे, "पाणी चढलं. म्हातारी कुरकुरते हाय." मग कोणी उठून बघायलासुद्धा जायचं नाही, इतका तिच्यावर भरवसा.

दादा माझ्याहून थोडा मोठा आणि होडीपेक्षा जास्त बोलका. जेवताना, जाळं विणताना, दात घासतानासुद्धा त्याचं तोंड चालूच. दर्यावर निघायच्या आधी आय त्याच्या कपाळाला कुंकू लावायची, तेही इतक्या हलक्या बोटाने की निम्मं कुंकू तिच्याच बोटावर राहायचं. "तोंड मिट, नाकावर सांडंल," असं ती म्हणायची आणि तो मुद्दाम डोकं हलवायचा. नाकावर कुंकू घेऊनच तो होडीत चढायचा.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत मी एका ठिकाणी कामाला लागले. तिथे रेडिओ-टीव्हीच्या पोटात बसणाऱ्या सर्किटच्या पाट्या तयार व्हायच्या. जाळं विणणाऱ्या घरातल्या मुलींची बोटं बारीक कामाला बरी, असं कोणीतरी मोठ्या साहेबांच्या डोक्यात भरवलं होतं. मी जन्मात जाळ्याला हात लावला नव्हता, मला त्याचा वासच सोसत नसे, पण हे मी साहेबांना कशाला सांगू?

काम सोपं होतं. पाटीवर तांब्याचा पातळ पापुद्रा असायचा. त्यावर शाईने रेघा छापलेल्या. कुठे रेघ तुटली असेल तर मी भिंगाखाली कुंचल्याने ती जोडायची, मग पाटी आम्लाच्या हौदात जायची. शाईखालचं तांबं राहायचं, बाकीचं विरघळायचं. हौदातलं पाणी आधी कडक चहासारखं तपकिरी असे, आणि आम्ही त्याला चहाच म्हणायचो. तांबं खाऊन खाऊन हा चहा हिरवागार होई, मग काम देईनासा होई, मग सोडून देत.

मला चौकशा करायची फार खोड. तांब्याच्या पत्र्यांच्या पेट्या यायच्या तेव्हा मी स्टोअरकीपरला विचारलं, हे तांबं येतं कुठून? "गोदामातून," तो म्हणाला. आणि गोदामात? "ट्रकमधून." कुठल्या डोंगराच्या पोटातून ते काढलं, तिथल्या माणसांचं आणि पाण्याचं काय झालं, हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावंसंही वाटत नव्हतं. हिरवा चहा कुठे जातो, हे मी हौदावरच्या माणसाला विचारलं. "नाले में," तो म्हणाला. "और नाला?" तो नुसता हसला. मला मात्र चांगलं ठाऊक होतं. नाला आमच्या खाडीत येत होता.

पावसाळ्यात तर विचारूच नका. एरवी थोडं थोडं सोडायचे, पण आभाळ भरून आलं की साठवून ठेवलेलं सगळं एकदम सोडायचे. पाऊस नेईल वाहून, असा विचार. आमचाच कारखाना असा होता असं नाही, नाल्याच्या काठावरचे सगळेच पावसाची वाट बघायचे.

आमच्या सुपरवायझरांना एक गंमत करायची सवय होती. नवी मुलगी आली की ते एक लोखंडी खिळा दोऱ्याला बांधून तिच्या हातात द्यायचे आणि हिरव्या चहात सोडायला लावायचे. जेवून येऊन दोरा ओढायचा. खिळा लालबुंद, देवघरातल्या पळीसारखा तांब्याचा झालेला. मुलगी तोंड उघडून बघतच राही. मग ते म्हणायचे, "आता मोडून बघ." अंगठ्याने दाबला की खिळ्याचा बुकणा व्हायचा. "लोखंड विरघळून जातं, त्याच्या जागी तांबं बसतं," ते सांगायचे. "आकार तोच राहतो, पण आत दम नसतो." मुली खिदळायच्या. माझ्या वेळी मीही खिदळले होते.

त्या वर्षी पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या, तेव्हा आमची नेहमीची जागा खचलेली होती. म्हणून बाबांनी होडी नाल्याच्या तोंडाशी आणून ठेवली. तिथे वाऱ्याचा आडोसा होता. ओंडक्यांवर चढवली, झावळ्यांनी शाकारली. तिचं नाक नाल्याकडे आलं. होडीच्या पुढच्या टोकाला आमच्या घरात नाकच म्हणतात. भरतीचं पाणी तिच्या बुडाशी यायचं, नाल्याचं पाणी नाकाशी.

मग खाडी बदलली. एरवी ओहोटीला चिखलावर निवट्या, ते बोटाएवढे मासे, उड्या मारतात, खेकडे आपल्या बिळांतून डोकावतात, बगळे फिरतात. त्या पावसाळ्यात चिखल गुळगुळीत झाला, लिंपून ठेवल्यासारखा, एक बीळ नाही की एक रेघ नाही. बगळे आले आणि उतरल्याबरोबर उडून गेले. आमचं कुत्रं अंगणाच्या कडेपर्यंत जाई, तिथून नाल्याकडे बघत उभं राही आणि मागे फिरे. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की होडी गप्प आहे. भरतीला पाणी बुडाला लागायचं, ती थोडीशी उचलली गेलेलीही दिसायची, पण आवाज नाही. मी बाबांना म्हटलं, होडी बोलत का नाही?

"निजली हाय," बाबा म्हणाले. "वरीसभर दमली, आता सुखात हाय."

मला ते पटलं नाही. सुखात असलेली आमची होडी कधी गप्प बसलेली नव्हती. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण मला त्याचं कारण देता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून मी नाल्याच्या बाजूला एकटी जाईनाशी झाले. भीती वाटायची, आणि कसली ते कळत नसल्यामुळे रागही यायचा.

नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांची साफसफाई निघते. खिळ्यांच्या डोक्यांवर चुना-तेलाचा लेप असतो, तो खरवडून नवा लावायचा. बाबांनी नाकाजवळचा लेप खरवडला आणि आतून लाल काहीतरी चमकलं. दुसऱ्या खिळ्यावरचा काढला, तोही लाल. तिसरा, चौथा, सगळी रांग. काळे लोखंडी खिळे तांब्याचे झाले होते. बाबा तसेच उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले.

बातमी गावभर झाली. बायका नारळ घेऊन आल्या. कोणी खिळ्याला बोट लावून ते डोळ्यांना लावलं. गावातला सगळ्यात जुना तांडेल काठी टेकत आला. होड्या चालवण्यात त्याचा जन्म गेलेला, त्याच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्याने वाकून बघितलं आणि सांगितलं, "लोखंड दर्यात सडते, तांबं सडत नाय. तांबं देवाघरचं. दर्यानं तुमच्या होडीला आपल्या हातानं खिळे दिले हाय." मग दोन गोष्टी ठरवून तो उठला. पौर्णिमेला पहिला मान आमच्या होडीचा, तिनेच खाडीच्या मुखाबाहेर जाऊन नारळ सोडायचा. आणि दुसरं म्हणजे हातोडी लावायची नाही. पावसाळ्यानंतर एकेक खिळा ठोकून बघायचा, सैल असेल तो काढून नवा घालायचा, ही आमची रीत. "दर्यानं दिलेल्यावर हातोडी उगारत नाय," तो म्हणाला.

मी कामावरून आले तेव्हा अंगणात माणसं होती आणि बाबांच्या तोंडावर असं हसू होतं जसं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून होडीपाशी नेलं. मी खाली वाकले आणि आधी मला वास आला. तो आंबट, जिभेवर बसणारा वास मी रोज अंगावर घेऊन घरी यायचे आणि आय माझे कपडे वेगळे धुवायची. तोच वास लाकडातून येत होता. मी बोईसरहून घरी पोचायच्या आधीच आमचा कारखाना माझ्या घरी येऊन बसला होता.

"बाबा, ही होडी पाण्यात घालायची नाय," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. खिळा, दोरा, हिरवा चहा, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं आणि प्रेमाने म्हणाले, "पोरी, कारखान्यात होतं ते माणसानं केल्यालं. ह्ये दर्यानं केल्यालं हाय." दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरांकडून एक तांबं चढलेला खिळा मागून आणला आणि घरी सगळ्यांसमोर मोडून दाखवला. बाबांनी तो बुकणा बघितला आणि तोंड फिरवलं. दादा हसून म्हणाला, "बाईसाहेब, त्यो तुमचा चहा तुमी प्या, आमाला दर्या पुरे हाय." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारीण डोकावली. तांडेल म्हणून दादाची ती पहिलीच फेरी होती. बाबा त्या पौर्णिमेला सुकाणू त्याच्या हाती देणार होते. श्रावणातला दर्या खाडीच्या मुखाबाहेर कसा उसळतो, हे मला बाईमाणसाला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं असं थोडंच? माहीत असून ते हसत होते, आणि मला ते सगळे एकदम परके वाटू लागले.

रविवारी दुपारी, ओहोटी लागलेली, मी मन घट्ट करून होडीकडे गेले. एक खिळा उपटून बघावा, मग काय व्हायचं ते होवो, असं ठरवून. ऊन होतं. आसपास एक माशीसुद्धा नव्हती. खिळ्यांच्या डोक्यांखाली हिरवे-निळे ओघळ सुकले होते. मी फळीला हाताने थोपटलं. आवाज आला नाही असं नाही, पण तो माझ्या हाताचा आवाज होता, होडीचा नव्हता. समोर आमचीच होडी होती, तोच रंग, तीच बाबांनी काढलेली डोळ्यांची जोडी नाकाच्या दोन्ही अंगांना, आणि तरी आत कोणी नसलेल्या घराचं दार वाजवावं तसं मला झालं. ते रंगवलेले डोळे माझ्याकडे बघत होते. मी खिळ्याला हात न लावता पळत घरी आले.

आय ओटीवर सुकट निवडत बसली होती. या सगळ्या भांडणात ती एक शब्द बोलली नव्हती. तिचं माहेर एडवणचं, तिथे दर्याला दिलेला शब्द म्हणजे शब्द, म्हणून मी तिच्याकडून आशाच सोडली होती. मी धापा टाकत बसले. ती निवडता निवडता म्हणाली, "तो खिळा तू मोडलास. त्याला जोर किती लागला?"

"जोर कसला? नुसत्या अंगठ्यानं."

"अंगठ्यानं?"

"हो."

ती परत सुकट निवडायला लागली. मला तिचाही राग आला.

पौर्णिमेला सगळा गाव काठावर जमला. होडीवर नवा रंग, पताका, फुलांच्या माळा. खिळ्यांवर लेप मुद्दाम लावला नव्हता, सगळ्यांना दिसावेत म्हणून. दादा नवा रुमाल बांधून उभा होता, सोबत दोन खलाशी. होडी पाण्यात ढकलण्याआधी मालकाच्या बायकोने तिच्या नाकाला कुंकू लावायचं असतं. त्या वर्षी म्हाताऱ्या तांडेलाने सांगितलं की कुंकू प्रत्येक तांब्याच्या खिळ्याला लागलं पाहिजे. मी मागे उभी होते. दादाच्या अंगावर धावून जावं आणि त्याला चिखलात लोळवावं असं मला वाटत होतं.

आय ताट घेऊन पुढे झाली. कुंकू बोटाने लावतात. तिने अंगठा बुडवला. पहिल्या खिळ्यावर ठेवला आणि दाबला. कुंकू लावायला जेवढं दाबावं त्याच्या कितीतरी पट, खांद्यातून जोर लावून. मला तिची पाठ ताठ झालेली दिसली. तिने अंगठा काढला तेव्हा खिळ्याचं डोकं टिकलीसारखं अंगठ्याला चिकटून आलं.

तिने ते ताटात ठेवलं. दुसऱ्या खिळ्यावर अंगठा ठेवला. तेही आलं. तिसऱ्याला अंगठा आत गेला आणि लाल-काळा चिखल बाहेर आला. वाजंत्री थांबली. बाबा "अगं..." म्हणत एक पाऊल पुढे आले. कुंकू लावायच्या बाईचा हात कोण धरणार? चौथा, पाचवा. ती न चुकता प्रत्येकाला कुंकू लावत गेली.

आणि मग होडी बोलली. कित्येक दिवसांनी ती कुरकुर आली, आधी बारीक, मग मोठी होत होत. नाकाजवळच्या फळ्या वाकवून बसवलेल्या असतात, खिळ्यांनीच त्या धरलेल्या असतात. वरची फळी कण्हत कण्हत सुटली आणि ताडकन बाहेर आली. मागोमाग तिच्या खालची. रंगवलेला एक डोळा फळीबरोबर बाजूला झाला आणि होडीच्या पोटातला अंधार सगळ्यांना दिसला. बायकांनी पोरांना मागे ओढलं. बाबा तिथेच चिखलात बसले. दादा होडीकडे बघत होता आणि त्याचं तोंड, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच, मिटलेलं होतं.

नारळ दुसऱ्यांच्या होडीतून सोडला. आमची होडी पुन्हा उभी राहिली नाही. तेवढं लाकूड आणि तेवढे खिळे नव्याने आणण्याची आमची ऐपत नव्हती. तिचा नांगर भंगारवाल्याने नेला, फळ्या सरपणाला काढल्या. आयने त्यातला पहिला तुकडा चुलीत घातला तर जाळ हिरवा निघाला. लवलवता, मोरपिसासारखा हिरवा. तिने भाताचं पातेलं उतरवलं, पाणी ओतून चूल विझवली आणि ते लाकूड परत घरात आणू दिलं नाही. ते मागच्या कुंपणाशी कुजत पडलं. कुजलंही लवकर नाही, त्याला वाळवीसुद्धा लागेना.

गाव ताटातले खिळे घेऊन वसाहतीत गेलं. कुठल्या एका कारखान्याचं हे काम, असं कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं, त्यामुळे सगळे एकमेकांच्या फाटकाकडे बोट दाखवत होते. शेवटी आमच्या मोठ्या साहेबांनी बोलणी केली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने नाल्याच्या आधी एक नवा हौद बांधला. हिरवा चहा त्यात घ्यायचा, वरून भंगार लोखंड टाकायचं, म्हणजे तांबं लोखंडावर उतरतं. ते खरवडून पिंपात भरायचं आणि वितळवायला पाठवायचं. उरलेल्या पाण्यात चुना घालून मग ते सोडायचं. ज्या गमतीवर आम्ही खिदळायचो तीच आता कामाला लावली. ते बरंच झालं, मी आजही म्हणेन. काही वर्षांनी चिखलात एखाददुसरं बीळ दिसायला लागलं. फुकट जाणारं तांबं परत मिळतं, हे कळल्यावर शेजारचेही हौद बांधायला लागले. लोकांच्या होड्यांसाठी बांधले असते तर मला अधिक बरं वाटलं असतं.

समझोता म्हणून गावातल्या काही तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. आमची होडीच गेलेली, म्हणून सगळ्यात आधी दादाला घेतलं. काम दिलं त्या नव्या हौदावरचं.

मी भिंगाखाली, तो मागच्या शेडमध्ये. सकाळी आम्ही बरोबर निघायचो. रबरी बूट घालून तो दिवसभर वाफेत उभा राहायचा, लोखंड टाकायचा, तांबं खरवडायचा. एकदा जेवताना त्याने सांगितलं की आज भंगारात आपल्या होडीचा नांगर आला होता, मीच हौदात टाकला. बाबांचा घास हातातच राहिला. दादा त्यावर पुढे काही बोलला नाही. हळूहळू तो इतर गोष्टींवरही बोलेनासा झाला. तब्येतीने चांगला दिसायचा. रंग थोडा तांबूस झाला होता, नातेवाईक म्हणायचे नोकरी मानवली. तो दात घासायचा, जेवायचा, झोपायचा, आणि घरात त्याचा आवाज नसायचा.

आयने कुंकवाची रीत सोडली नाही. दर्यावर निघताना लावायची तसं आता तो पाळीला निघताना लावायची. मी चपला घालून दारात खोळंबलेली असायचे आणि मला ते रोज दिसायचं. ती आता बोटाने लावत नसे. अंगठा कुंकवात बुडवून त्याच्या कपाळावर ठेवायची आणि दाबायची, खांद्यातून जोर लावून. तो डोकं हलवत नसे, मुकाट उभा राहायचा. तीही त्याच्या तोंडाकडे बघत, हात न काढता तशीच उभी.

"आय, लागतंय," असं तो म्हणायचा, तेव्हाच ती अंगठा काढायची.